बारा विरुद्ध नऊ : ऑनलाइन लढाईच्या खेळात संघांचा तोल कसा सांभाळावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान गटाने नेमबाजीचा ऑनलाइन खेळ तयार केला आहे. सामन्यात १२ विरुद्ध १२ खेळाडू असतात, मुदत २० मिनिटांची असते, मेलेला खेळाडू १० सेकंदांनी पुन्हा उतरतो आणि ज्या संघाने जास्त शत्रू मारले तो जिंकतो. सुरुवातीला संघ समान असतात, पण मधूनच काही जण निघून जातात आणि वारंवार १२ विरुद्ध ९ अशी स्थिती होते. मोठ्या संघातले खेळाडू आपोआप पलीकडे टाकले, तर ते चिडून खेळच सोडतात. म्हणून आता विचार असा आहे की, १२ भागिले ९ म्हणजे १.३३, तेव्हा कमी संख्येच्या संघातील प्रत्येकाची हेल्थ, म्हणजे मरण्याआधी त्याला किती मारा सोसता येतो तो आकडा, ३३ टक्क्यांनी वाढवावी. हे न्याय्य ठरेल का?

गेली अनेक वर्षे मी अशा खेळांचे सर्व्हर चालवत आणि त्यांच्या मॅचमेकिंगचा, म्हणजे खेळाडूंचे संघ जुळवण्याचा, कोड लिहीत आलो आहे, आणि १.३३ चा हा हिशेब मीही सुरुवातीला अगदी असाच केला होता. तो दिसायला इतका सरळ आहे की त्यात चूक कुठे आहे हे लवकर लक्षात येत नाही. चूक अशी की संख्येतील फरक आणि ताकदीतील फरक या दोन गोष्टी समान मानल्या जातात. बंदुकीच्या लढाईत त्या समान नसतात.

फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, हा मुद्दा गणिताने मांडला. तलवारीच्या लढाईत एक माणूस एका वेळी एकाशीच लढू शकतो, मागच्या रांगेतले आपली पाळी येईपर्यंत नुसते उभे असतात. तिथे १२ विरुद्ध ९ लढले आणि सगळे सारख्याच कसबाचे असले, तर ९ संपतील तेव्हा समोर साधारण ३ उरतील. बंदुकीचे तसे नाही. मोकळ्या मैदानात बाराही जण एकाच वेळी गोळी झाडू शकतात आणि त्यांतले तिघे-चौघे मिळून एकालाच लक्ष्य करू शकतात. मोठ्या संघाकडून जास्त मारा होतो, शिवाय त्याच्यावर होणारा मारा जास्त माणसांत वाटला जातो. हे दोन्ही फायदे एकमेकांना गुणले जातात, म्हणून ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. बाराचा वर्ग १४४, नऊचा वर्ग ८१, फरक ६३ आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ ८. म्हणजे मोकळ्या मैदानात नऊ जण पूर्ण संपतील तेव्हा समोर तीन नव्हे, आठ उभे असतील. आठ उभे पाहून नऊ जणांच्या संघाला जे वाटते, त्याला खेळाडू ‘फुकटचा मार’ म्हणतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

आता ३३ टक्के जास्त हेल्थ देऊन पाहू. लँचेस्टरच्या या नियमात प्रत्येक खेळाडूचा दर्जा, म्हणजे त्याचा डॅमेज (त्याच्या गोळीने होणारी हानी) आणि त्याची हेल्थ यांचा गुणाकार, संख्येच्या वर्गाला गुणायचा असतो. ८१ गुणिले १.३३ म्हणजे १०८. १४४ मधून १०८ गेले, ३६ उरले, त्याचे वर्गमूळ ६. एवढे बळ देऊनही मोकळ्यावर समोर सहा जण उरतातच. बरोबरी व्हायची असेल तर गुणाकार १.७८ हवा, म्हणजे हेल्थ ३३ टक्के आणि डॅमेजही ३३ टक्के. पण हाच गुणाकार अरुंद बोळात लावला, जिथे मागच्याला गोळी झाडायला जागाच नाही, तर नऊ जणांचा संघ बारांवर सहज मात करील. कारण तिथे तुमचा १.३३ चाच हिशेब जवळजवळ बरोबर असतो. एकाच मॅपमध्ये, म्हणजे खेळातल्या रणभूमीत, अंगण असते आणि जिनाही असतो, आणि दोन्ही ठिकाणी न्याय्य ठरेल असा एक आकडा अस्तित्वातच नाही. हेल्थ वाढवण्याला माझा विरोध आहे त्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण अधिक व्यवहारातले आहे. हेल्थ सलग वाढवली तरी ती गोळ्यांच्या हिशेबात पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. समजा साधी हेल्थ १०० आहे आणि रायफलची एक गोळी ३४ घेते. तीन गोळ्यांत माणूस पडतो. हेल्थ १३३ केली की चार लागतात. वरवर पाहता तीनच्या चार म्हणजे ३३ टक्के वाढ. परंतु पहिली गोळी तर नेम लागताच सुटते, वेळ जातो तो गोळ्यांमधल्या अंतरांत. आधी दोन अंतरे होती, आता तीन झाली, म्हणजे मारायला लागणारा वेळ ५० टक्क्यांनी वाढला. २५ डॅमेजच्या पिस्तुलाला आधी चार गोळ्या लागत, आता सहा लागतात. अंतरे तीनची पाच झाली. आणि १२० डॅमेजची स्नायपर, जिचे सारे मोल एका गोळीत काम होण्यात आहे, तिला दोन गोळ्या लागू लागतात, म्हणजे ती बंदूक हातात असून नसल्यासारखी होते. चांगल्या खेळाडूच्या बोटांना या गोळ्या पाठ असतात. तीन लागल्या की तो पुढच्या शत्रूकडे वळतो. समोरचा पडला नाही तर त्याच्या मनात पहिला विचार येतो तो चीटिंगचा किंवा लॅगचा, म्हणजे नेटच्या दिरंगाईचा, तोल सांभाळण्याचा नाही. एका संघावरचा अन्याय दूर करताना दुसऱ्या संघाचा खेळावरचा विश्वास आपण खर्च करत असतो.

मोठ्या खेळांनी हा रस्ता चालून पाहिलेला आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००८ साली विंटरग्रास्प नावाचा उघडा रणप्रदेश आला. दोन पक्षांचे किती खेळाडू येतील यावर सुरुवातीला बंधन नव्हते, म्हणून कमी संख्येच्या पक्षाला ‘टेनॅसिटी’ नावाचे बळ आपोआप मिळे आणि फरक जितका मोठा तितके ते वाढत जाई. त्यातून एकेक खेळाडू राक्षसासारखा होई. तरीही तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शके, आणि लढाई अनेक ठिकाणे ताब्यात ठेवण्याची होती. बळ देता येते, उपस्थिती देता येत नाही. पुढे तिथे दोन्ही बाजूंना सारख्याच संख्येने आत सोडण्याची पद्धत आली. याउलट २०१७ च्या फॉर ऑनरमध्ये हीच कल्पना चांगली चालली असे माझे मत आहे. तिथे लढाई तलवारीची आहे आणि एकट्यावर दोघे-तिघे तुटून पडले की त्याचा ‘रिव्हेंज’ भरत जातो आणि काही काळ तो अधिक चिवट होतो. फरक असा की ही भरपाई संघाच्या यादीतली संख्या पाहून दिलेली नाही. त्या क्षणी, त्या जागी त्या माणसाभोवती किती शत्रू आहेत हे पाहून ती मिळते, आणि समोरच्यालाही ती भरताना दिसते. बळ द्यायचेच असेल तर ते इतके स्थानिक आणि इतके डोळ्यांना दिसणारे असावे.

मग १२ विरुद्ध ९ चे काय करायचे? माझे उत्तर असे : माणूस जिवंत असताना त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्या बंदुकीलाही हात लावायचा नाही, जे काही समान करायचे ते दारावर करायचे. खेळात दोन दारे असतात. एक नवा खेळाडू सर्व्हरवर येतो ते, आणि दुसरे मेलेला खेळाडू परत उतरतो ते. तुमच्या खेळात दुसरे दार सतत उघडत-मिटत असते, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख केवळ दहा सेकंद एवढाच आला आहे. त्या दहा सेकंदांतच तुमचे बरेचसे उत्तर आहे.

पुन्हा उतरण्याच्या खेळात संघाची खरी संख्या म्हणजे त्या क्षणी मैदानात जिवंत असलेले खेळाडू. समजा तुमच्या मॅपवर खेळाडू सरासरी ३० सेकंद जगतो, मेल्यावर १० सेकंद थांबतो आणि उतरल्यापासून लढाईपर्यंत पोहोचायला त्याला १५ सेकंद लागतात. ५५ सेकंदांच्या फेऱ्यात तो ३० सेकंद उपयोगाचा असतो. म्हणून १२ जणांच्या संघाचे सरासरी साडेसहा जण प्रत्यक्ष लढत असतात, आणि ९ जणांचे पाचाहूनही कमी. आता कमी संघाचा थांबण्याचा काळ घटवून ही संख्या समान करता येते का ते पाहू. ११ विरुद्ध १० असेल, तर अकरांचे सहा जण लढाईत असतात. दहांचे सहा असावेत यासाठी फेरा ५० सेकंदांचा हवा, म्हणजे थांबणे १० ऐवजी ५ सेकंद. अगदी सहज जमण्यासारखे आहे. पण १२ विरुद्ध ९ मध्ये फेरा सव्वाएकेचाळीस सेकंदांवर आणावा लागतो, म्हणजे जवळजवळ पावणेचौदा सेकंद कापावे लागतात, आणि थांबण्याचा काळ तर मुळात दहाच सेकंदांचा आहे. म्हणून १२ विरुद्ध ९ मध्ये प्रथम एक माणूस हलवावाच लागेल. एकच! एक हलला की ११ विरुद्ध १० होते, आणि उरलेला फरक पाच सेकंदांत भरून निघतो.

ही भरपाई मला हेल्थपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते, कारण तिच्यामुळे कोणाचीही बंदूक बदलत नाही. समोरासमोरच्या प्रत्येक चकमकीत दोन्ही बाजू तशाच राहतात. मैदानात दर क्षणी साधारण तेवढेच लोक भेटतात आणि सरासरी आयुष्यही मग दोन्हीकडे सारखेच राहते. गुणही बिघडत नाहीत. मैदानात जिवंत सारखेच आणि आयुष्य सारखेच, तर मिनिटाला मरणारेही दोन्हीकडे सारखेच. हे ३०, १०, १५ चे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. तुमच्या लॉगमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदींतून, तुमच्या प्रत्येक मॅपचे आकडे काढा, कारण लहान मॅपवर पोहोचायला चार सेकंद लागत असतील तर हिशेब पुष्कळ बदलतो. आणि जिथे एका राऊंडमध्ये एकदाच जगायचे असते, काउंटर-स्ट्राइकसारख्या ५ विरुद्ध ५ च्या खेळात, तिथे हे दारच नसते. तिथे ५ विरुद्ध ४ म्हणजे २५ विरुद्ध १६, आणि सगळे मोकळ्यावर भेटले तर पाचांतले तीन उरतात. अशा खेळात भरपाई करायची तर ती राऊंडच्या मध्यंतरात, शस्त्रखरेदीच्या पैशांतून करणे हाच शहाणपणा आहे. काउंटर-स्ट्राइकनेही बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, काढून टाकल्यावर कमी संख्येच्या संघाला जादा पैसे देण्याची वाट धरली. डोटा २ मध्ये सामना सोडून गेलेल्याचे सोने उरलेल्या साथीदारांत वाटले जाते, तेही याच जातीचे आहे.

भरपाई बळात द्यायची की गुणांत द्यायची, या प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे उत्तर आपल्या कबड्डीत आहे, आणि ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांनी ते बारकाईने पाहावे असे मला मनापासून वाटते. कबड्डीत गडी बाद होत जातात तसा संघ आकसतो, म्हणजे विषमता खेळाच्या पोटातच आहे. तरीही उरलेल्या तिघांना कोणी जास्त ताकद देत नाही. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. उलट बाजूने, बोनस रेषेचा गुण चढाईपटूला मिळतो तो समोर सहा किंवा अधिक गडी असतील तरच; माणसे कमी असलेल्या संघाकडून फुकटचा बोनस उकळता येत नाही. आणि सगळे बाद झाले की लोण चढतो. समोरच्याला दोन गुण जादा मिळतात, पण पडलेला संघ पूर्ण सात जणांनिशी पुन्हा उभा राहतो. घसरण सुरू झाली की ती थांबवणारी ही पायरी आहे : किंमत मोजा, पण पुन्हा बरोबरीने उभे राहा. ऑनलाइन सामन्यांत नेमकी हीच पायरी नसते. तीन जण गेले, म्हणून संघ हरू लागला. हरू लागला म्हणून आणखी दोन गेले. आणि उरलेले सात जण पंधरा मिनिटे मार खात बसतात. तुमच्या २० मिनिटांच्या सामन्याचे पाच-पाच मिनिटांचे चार डाव करा, प्रत्येक डावाअखेर गुण नोंदवा आणि दर डावाला संघ नव्याने जुळवा. एवढ्या एका बदलाने माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर मधूनच निघून जाणाऱ्यांचे प्रमाण उघड दिसेल इतके कमी झाले होते.

आता तो एक माणूस कसा हलवायचा. खेळाडू चिडून जातात हे तुमचे निरीक्षण खरे आहे, पण ते संघ बदलल्यामुळे चिडतात असे मला वाटत नाही. ते चिडतात कारण अठरा मिनिटे एका संघासाठी राबल्यावर त्यांच्या नावावर दुसऱ्या संघाचा पराभव लिहिला जातो. हलवलेल्याने किंमत मोजायची नाही, हा नियम सगळ्यांत आधी कोडमध्ये लिहा. त्याचा नवा संघ हरला तर त्याच्या रेटिंगमधून, म्हणजे त्याचे कसब दाखवणाऱ्या आकड्यातून, काहीही वजा होऊ नये. जिंकला तर पूर्ण मिळावे. त्याचे स्वतःचे बळी आणि गुण त्याच्याबरोबर जावेत. हे संरक्षण आहे हे त्याला हलवण्याच्या क्षणी पडद्यावर दिसले पाहिजे, सामना संपल्यावर नव्हे.

त्यानंतर आधी विचारा, मग हलवा. टीम फोर्ट्रेस २ मध्ये जादा संघातल्या खेळाडूंना पलीकडे जाण्याची तयारी आहे का असे विचारण्याची आणि होकार देणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत आली. वॉरक्राफ्टमध्येही २०१५ पासून, आपल्या पक्षाची रांग फार लांबली तर भाडोत्री सैनिक म्हणून विरुद्ध पक्षाकडून लढता येऊ लागले. स्वखुशीने जाणारा माणूस जवळजवळ नेहमी सापडतो, फक्त त्याला दहा-पंधरा सेकंदांचा अवकाश द्यावा लागतो. कोणीच पुढे आले नाही, तर जो मेलेला आहे, जो कोणत्याही मित्रगटात नाही, ज्याच्याकडे झेंडा किंवा तत्सम जबाबदारी नाही आणि ज्याला गेल्या काही सामन्यांत हलवलेले नाही, अशांतून निवडा. या शेवटच्या अटीकडे फार दुर्लक्ष होते. सर्वोत्तम खेळाडूच दर वेळी उचलायचा असा नियम केला, तर चांगले खेळण्याची शिक्षा म्हणून त्याला दर सामन्यात दोस्तांपासून तोडले जाते.

अशांमधून कोण निवडायचा यालाही हिशेब आहे. एका संघाची एकूण ताकद दुसऱ्यापेक्षा जितकी जास्त, त्याच्या निम्म्या ताकदीचा खेळाडू हलवला की बरोबरी होते, कारण तो इकडून वजा होतो आणि तिकडे मिळवलाही जातो. मात्र इथे एक सापळा आहे. बुद्धिबळातून आलेले इलो रेटिंग दोघांच्या लढतीसाठी आहे. त्यात १५०० या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, फक्त दोघांमधल्या फरकाला आहे. म्हणून इलो रेटिंगची बेरीज करून १२ जणांची आणि ९ जणांची तुलना करणे चुकीचे, आणि सरासरी काढणे तर अधिकच चुकीचे, कारण सरासरीला तीन माणसे कमी आहेत हे दिसतच नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिज केंद्रात तयार झालेली आणि एक्सबॉक्स लाइव्हवर वापरली गेलेली ट्रूस्किल पद्धत संघाची कामगिरी ही खेळाडूंच्या कामगिरीची बेरीज मानते, त्यामुळे तिच्यात असमान संघ निदान बसतात तरी. पण बेरीज म्हणजे पुन्हा तलवारीचाच हिशेब. तुमच्या खेळात एक माणूस कमी असणे किती रेटिंगच्या बरोबरीचे आहे, हे तुमच्या स्वतःच्या निकालांवरूनच काढावे लागेल : प्रत्येक सामन्यातला रेटिंगचा फरक, सबंध सामन्यात सरासरी किती माणसे कमी होती तो आकडा, आणि निकाल. या तिन्हींचा संबंध लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीने लागतो.

याहून सोपी एक चाचणीही आहे. लॉगमधून ४ विरुद्ध ३ च्या अशा चकमकी वेचा, ज्यांत शेवटपर्यंत नवा कोणी येऊन मिळाला नाही, आणि शेवटी मोठ्या बाजूचे किती उरले याची सरासरी काढा. लहान बाजू जिंकली असेल तर तिचे उरलेले उणे धरा. सरासरी एकच्या आसपास असेल तर तुमचा मॅप बोळाचा आहे. अडीचकडे झुकत असेल तर अंगणाचा. इतक्या कमी माणसांत नशिबाचा वाटा मोठा असतो, म्हणून शेकडो चकमकी घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मॅप रचणाऱ्याने हे आकडे पाहिले तर त्यालाही उपयोग होतो, कारण आडोसे आणि वळणे वाढवली की विषम संघांतली लढत आपोआप सौम्य होते.

हलवण्याची वेळ कधी आली हे ठरवणारी मर्यादा बहुतेक सर्व्हरवर ‘दोन खेळाडूंचा फरक’ अशी असते. ती प्रमाणात असावी. ५ विरुद्ध ३ मध्ये वर्गांचे गुणोत्तर २.७८ आहे, ३२ विरुद्ध ३० मध्ये केवळ १.१४; दोन्हीकडे फरक दोनचाच आहे, पण पहिल्यात सामना संपल्यातच जमा आहे आणि दुसऱ्यात कोणाच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या आकाराच्या खेळात मी गुणोत्तर १.४ च्या वर गेल्यावर हालचाल सुरू करीन, म्हणजे १२ विरुद्ध १० पासून. आणि तीही लगेच नाही, मिनिट-दीड मिनिट थांबून. बाहेर पडलेल्यांतले बरेच जण नेट तुटल्यामुळे गेलेले असतात. आपल्याकडे मोबाइल डेटावर खेळणारे इतके आहेत की हा थांबा नसेल, तर परत आलेल्याला त्याची जागा भरलेली दिसते आणि दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा उलट हलवावे लागते. परत येणाऱ्याला त्याच्या जुन्या संघातच घ्या, नाहीतर हरणाऱ्या संघातून बाहेर पडून जिंकणाऱ्या संघात शिरण्याची युक्ती दोन दिवसांत सगळ्यांना कळते.

बॉटचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो निघेलच. रँक्ड, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्या, सामन्यात बॉट नको. त्याला मारून समोरच्यांचे गुण वाढतात, म्हणजे तो कमी संघाची मदत करतो की शत्रूची, हे त्याच्या दर्जावर अवलंबून राहते. मौजेच्या सामन्यात चालेल.

सुरुवातीची वाटणीही तपासून घ्या. दोन कॅप्टनांनी आळीपाळीने भिडू निवडण्याची गल्लीतली पद्धत पहिल्या कॅप्टनच्या फायद्याची असते. आठ जणांना ८ पासून १ पर्यंत गुण दिले, तर आळीपाळीने २० विरुद्ध १६ होतात. पहिल्याने एक, मग दुसऱ्याने दोन, मग पहिल्याने दोन असे केले तर १८ विरुद्ध १८. तुमच्या २४ जणांची दोन समान संघांत वाटणी १३,५२,०७८ प्रकारे होऊ शकते, आणि आजचा कोणताही सर्व्हर त्या सगळ्या तपासून सर्वांत जवळची निवडू शकतो. मित्रगट एकत्र ठेवायचे असतील तर पर्याय कमी होतात, आणि गट चारपेक्षा मोठा असेल तर चांगली वाटणी बहुधा सापडतच नाही. म्हणून खुल्या सामन्यात गटाची मर्यादा चार ठेवा आणि मोठ्या गटांना वेगळी लॉबी द्या.

राहिला विषम संख्येचा प्रश्न. सर्व्हरवर २३ जण असतील तर कोणतीही पद्धत वापरली तरी १२ विरुद्ध ११ होणारच. गुणोत्तर १.१९, म्हणजे जाणवेल इतके. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये यावर तोडगा असतो : उरलेला एक जण ‘कॉमन’, तो दोन्हीकडून बॅटिंग करतो. पाच मिनिटांचे डाव केले असतील तर हे तुमच्याकडेही जमते. पहिल्या आणि चौथ्या डावात जादा माणूस एका बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्यात दुसऱ्या बाजूला. पहिला आणि चौथा अशासाठी की शेवटच्या डावाचे दडपण आणि पहिल्या डावाचा विस्कळीतपणा एकाच्याच वाट्याला जावेत. हा कॉमन खेळाडू मधल्या रेटिंगचा निवडा, दर सामन्याला बदला, आणि त्याच्या नावापुढे तशी खूण दाखवा, म्हणजे डाव बदलल्यावर कालचा साथीदार आज आपल्यावर गोळी का झाडतो आहे हे कोणाला विचारावे लागणार नाही. निकाल त्याच्या रेटिंगला लावू नका, पण बक्षीस त्याला जिंकणाऱ्या संघाइतकेच द्या. आमच्याकडे काही आठवड्यांनी ती जागा मागून घेणारे खेळाडू तयार झाले, आणि त्यांच्यासाठी आम्हाला वेगळी रांग करावी लागली.